आकाशवाणीच्या सुरामागचे यहुदी संगीतकार

वाचकहो, रेडिओच्या काळात भारतात वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना एका धुनेची ओळख करून द्यावी लागत नाही. पहाटे आकाशवाणीचे केंद्र सुरू होताना तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनचे ते सूर उमटत आणि घराघरात दिवस उजाडे. ही धून बांधण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते वॉल्टर कॉफमन आपल्यासारखेच यहुदी होते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. म्हणून त्यांचा अल्प परिचय आम्ही येथे देत आहोत.

कॉफमन यांचा जन्म १९०७ साली कार्ल्सबाड या गावी झाला. हे गाव आज चेक देशात असून त्याला कार्लोव्ही व्हारी म्हणतात. त्यांनी बर्लिनमध्ये संगीतरचनेचे आणि प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचे शिक्षण घेतले. आपले प्राध्यापक नाझींचे पाठीराखे आहेत हे कळल्यावर त्यांनी हाताशी आलेली डॉक्टरेट नाकारली. त्यांची पहिली पत्नी गेर्टी ही विख्यात लेखक फ्रान्झ काफ्का यांची भाची. काफ्कांच्या तिन्ही बहिणींचा पुढे नाझींनी बळी घेतला. यावरून कॉफमन कोणत्या आगीतून वाचले याची कल्पना यावी.

१९३४ साली ते मुंबईस आले. येथील व्हिसा सहज मिळाला, हेच मुख्य कारण. थोडे दिवस राहावे असा बेत होता, पण मुक्काम बारा वर्षांचा झाला. आल्याबरोबर त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी तिचे कार्यक्रम होत. त्यांच्याबरोबर व्हायोलिन वाजवीत मेहली मेहता हे तरुण पारशी गृहस्थ.

आपले संगीत प्रथम कॉफमन यांच्या कानाला मुळीच रुचले नाही. पण त्यांनी नाक मुरडले नाही. ज्या संगीतावर लाखो लोक जीव टाकतात ते निकृष्ट कसे असेल, उणीव आपल्याच कानात असली पाहिजे, असा विचार करून ते शिकू लागले. हा नम्रपणा आम्हांला त्यांच्या सर्व कर्तृत्वाहून मोठा वाटतो. आकाशवाणीची धून १९३६ च्या सुमाराची. ती शिवरंजनी रागावर आधारलेली आहे, आणि तीतील व्हायोलिन मेहली मेहतांचे असे सांगितले जाते. शिवरंजनी म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी राज कपूरच्या 'मेरा नाम जोकर' मधले मुकेशचे हरवलेल्या दिवसांचे गाणे आठवावे. राग तोच.

पुढे १९३७ ते १९४६ पर्यंत कॉफमन यांनी आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर युरोपियन संगीताचा विभाग सांभाळला. चित्रपटांनाही संगीत दिले.

आता एक योगायोग पाहा. १९३६ सालीच युरोपात नोकऱ्या गमावलेल्या यहुदी वादकांना गोळा करून हुबरमन यांनी तेल अवीवला वाद्यवृंद उभा केला. डिसेंबरात टोस्कानिनींनी त्याचे पहिले संचालन केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत मेहलींना मुलगा झाला. तो मुलगा म्हणजे झुबिन मेहता. १९७७ पासून २०१९ पर्यंत ते त्याच वाद्यवृंदाचे, म्हणजे आपल्या इस्रायल फिलहार्मोनिकचे, संगीत संचालक होते. एका यहुदी निर्वासिताला मुंबईने आसरा दिला, त्याला साथ देणारा एक पारशी भेटला, आणि त्या पारशाच्या मुलाने आपल्या देशाच्या वाद्यवृंदाची धुरा वाहिली. ऋण असे फिटते!

१९४६ साली कॉफमन मुंबई सोडून इंग्लंडला व तेथून कॅनडाला गेले. १९४८ पासून दहा वर्षे ते विनिपेगच्या वाद्यवृंदाचे संचालक होते. नंतर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. उत्तर भारतातील रागांवर १९६८ साली आणि दक्षिणेतील रागांवर १९७६ साली त्यांचे मोठे ग्रंथ निघाले. जे संगीत कानाला रुचले नव्हते, त्याच्याच अभ्यासात त्यांचे आयुष्य गेले. १९८४ साली ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले.

धून ऐकणारे कोट्यवधी, पण रचणाऱ्याचे नाव जाणणारे थोडे. आपल्या मुलानातवंडांना ती धून ऐकवाल, तेव्हा हे नावही अवश्य सांगा. गन एदेनमध्ये त्यांच्या आत्म्यास शांती लाभो. आमेन.