त्रिंबकजी डेंगळे आणि ठाण्याचा पहारा

आम्ही या पत्रात थोर पुरुषांची चरित्रे देतो ती बहुधा त्यांचे अनुकरण व्हावे म्हणून. आजचे चरित्र त्या प्रकारचे नाही. पवित्र शास्त्रात दाविदाबरोबर शौलाची व पेत्राबरोबर यहूदाचीही हकीकत लिहून ठेविली आहे, आणि तीपासून मंडळीस बोध होतो. तोच हेतू मनात धरून पेशवाईच्या अखेरीस गाजलेल्या त्रिंबकजी डेंगळे यांचे वृत्त आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यात एका राजकारणी मनुष्याचा उदय व अस्त आहे. शिवाय बंदीखान्यावर कोण नेमावे, त्याने काय जाणावे, व नेमलेल्यांवर देखरेख कोणी करावी, या गोष्टींचा मोठा धडा आहे. हा धडा तुरुंगाच्या अधिकाऱ्यांपुरता नाही. ज्यांच्या हाती माणसे सोपविलेली आहेत अशा प्रत्येक उपदेशकाने, शिक्षकाने व घरधन्याने तो ध्यानात घेण्याजोगा आहे.

त्रिंबकजी हा संगमनेर तालुक्यातील निमगाव जाळी येथील डेंगळ्यांच्या घराण्यातला. प्रथम तो जासुदाच्या चाकरीत होता. म्हणजे निरोप पोचविणे व बातमी आणणे हे त्याचे काम. त्याचे नशीब उघडले ते आमच्या महाडाच्या प्रांतात. सन १८०२ च्या आक्टोबर महिन्यात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसर येथे पेशव्यांच्या व शिंद्यांच्या फौजेचा मोड केला, आणि दुसरे बाजीराव पेशवे राजधानी सोडून कोकणात उतरले. काही काळ ते महाडास होते. तेथून पुण्यास पत्र पाठवून उत्तर आणावयाचे होते. त्रिंबकजीने ते काम पत्करिले व फारच थोड्या अवधीत जबाब आणून धन्याच्या हाती दिला. महाडाहून पुण्यास जावयाचे म्हणजे सह्याद्रीचा कडा चढणे आले. तळीये, वरंध, बिरवाडी या बाजूस राहणाऱ्या आमच्या वाचकांस त्या चढणीचे वर्णन सांगावयास नको. शत्रूच्या फौजा वर देशावर पसरल्या असता हे काम करणारा मनुष्य हिंमतीचा व चपळ होता यात संशय नाही.

बाजीरावांची मर्जी तेव्हापासून त्याजवर बसली. इंग्रजांच्या मदतीने १८०३ साली पेशवे पुण्यास परत आल्यावर त्रिंबकजी एकेक पायरी चढत गेला आणि शेवटी दरबारात त्याच्या शब्दाला सर्वांहून अधिक वजन आले. परगण्यांचा वसूल मक्त्याने देण्याची रीत त्या काळी बोकाळली होती. जो जास्त रक्कम कबूल करील त्यास मामलत मिळे, आणि तो ती रक्कम रयतेच्या पाठीवरून उगवून घेई. या कारभारात त्रिंबकजीचा मोठा हात होता. धन्याची इच्छा ती आपली इच्छा, मग ती बरी असो वा वाईट, हा त्याचा नियम. निष्ठा हा गुण खरा. परंतु देवाच्या भयावाचून असलेली निष्ठा धन्यालाही बुडविते व चाकरालाही, याचे प्रत्यंतर पुढे आले.

बडोद्याचे गायकवाड व पेशवे यांच्यामध्ये जुन्या देण्याघेण्याचा तंटा होता. तो मिटविण्यासाठी गायकवाडांकडून गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्यास आले. त्यांच्या जीविताची हमी कंपनी सरकारने घेतली होती. बोलणी लांबली, मने कलुषित झाली. सन १८१५ च्या जुलै महिन्यात पेशव्यांबरोबर शास्त्रीबोवा आषाढीच्या यात्रेस पंढरपुरी गेले. एका रात्री देवदर्शन करून परतत असता वाटेत मारेकऱ्यांनी त्यांस गाठून ठार केले. त्या संध्याकाळी देवळात येण्याविषयी त्यांस आग्रहाचे बोलावणे त्रिंबकजीकडूनच गेले होते. पुण्याचे रेसिडेंट मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पुरावा गोळा करून खुनाचा आरोप त्रिंबकजीवर ठेविला व त्यास स्वाधीन करण्याची मागणी केली. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे, ती ही की, उघड न्यायासनापुढे त्याचा खटला चालून निकाल झाला असे कधीच घडले नाही.

बाजीरावांनी आपल्या आवडत्या कारभाऱ्यास प्रथम वसंतगडावर अटकेत ठेविले. परंतु धनीच ज्याचा पक्षपाती त्याला अटक ती कसली! एल्फिन्स्टनने ती मान्य केली नाही, व अखेर सप्टेंबर १८१५ मध्ये त्रिंबकजी इंग्रजांच्या हाती देण्यात आला. त्यास ठाण्याच्या किल्ल्यात ठेविले. हा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधावयास घेतला, १७३७ साली तो मराठ्यांकडे आला व १७७४ साली इंग्रजांनी घेतला. आज तेथेच ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे.

आता पहाऱ्याचे पाहू. इतक्या महत्त्वाच्या बंदिवानावर मराठी मुलखातील शिपाई ठेविले तर ते फितूर होतील अशी भीती अधिकाऱ्यांस वाटली. म्हणून त्याच्यावर केवळ गोरे शिपाई नेमिले. तट भक्कम, बंदुका भरलेल्या, शिपाई कवायतीत तयार; कोणासही वाटावे की येथून पाखरूही उडणार नाही. परंतु त्या पहाऱ्यात एक उणीव होती: त्यातील कोणासही मराठी कळत नव्हते.

किल्ल्यातील एका अंमलदाराच्या पदरी एक मराठा मोतद्दार होता. तो रोज धन्याचा घोडा फिरवावयास नेई, आणि फिरविता फिरविता त्रिंबकजीच्या खिडकीखालून जाताना गाणे म्हणे. घोड्याला खरारा करताना, पाणी दाखविताना मोतद्दार गातच असतात. शिपाई ते ऐकत व करमणूक समजून सोडून देत. पण त्या गाण्यात बाहेरचा निरोप गुंफलेला असे: मदतीचे लोक कोठे आहेत, घोडा कोठे तयार आहे, कोणत्या वेळी निघावे. दिवसाउजेडी, भर पहाऱ्यासमोर, मोठ्या आवाजात पळून जाण्याची मसलत चालली होती, आणि ज्यांना ती पकडण्यासाठी पगार मिळत होता ते कान असून बहिरे होते. सन १८१६ च्या १२ सप्टेंबरच्या रात्री, अंधाराचा फायदा घेऊन, शौचकूपाच्या भिंतीस पाडून ठेविलेल्या भोकातून त्रिंबकजी निसटला, व बोभाटा होईपर्यंत तो हाती लागण्यापलीकडे गेला.

वाचकहो, या पहारेकऱ्यांस आम्ही आळशी किंवा बेइमान म्हणत नाही. ते आपल्या जागी उभे होते. दोष त्यांना नेमणाऱ्यांच्या विचारात होता. त्यांनी विश्वासाची परीक्षा कातडीच्या रंगावरून केली. बंदिवान काय बोलतो, त्याच्याशी कोण काय बोलते, हे कळणारा एक प्रामाणिक मराठी मनुष्य त्या पहाऱ्यात असता तर पहिल्याच दिवशी गाणे उघडे पडले असते. दुसरा दोष देखरेखीचा. भिंतीस भोक पडते ते एका क्षणात पडत नाही. रोज सायंकाळी एखादा वरिष्ठ अंमलदार प्रत्येक कोपरा हाताने चाचपून पाहता, तर ते वेळीच दिसले असते. तिसरा दोष हा की, बंदिवानाजवळून जाणाऱ्या किरकोळ चाकरांची कोणी गणतीच केली नाही. मोतद्दार, भंगी, पाणक्या, स्वयंपाकी हे मोठ्यांच्या नजरेत माणसेच नसतात. म्हणूनच ते सर्व काही पाहू शकतात व करू शकतात.

या चुकीचे फळ साऱ्या देशाला भोगावे लागले. सुटलेला त्रिंबकजी डोंगराळ मुलखात लपून फिरला आणि भिल्ल, रामोशी इत्यादी लोक जमवून फौज उभारू लागला. बाजीराव त्यास आतून पैसा पुरवीत व बाहेरून आपणास त्याचा ठिकाणा ठाऊक नाही असे सांगत. मे १८१७ मध्ये एल्फिन्स्टनने पुण्यास फौज आणून त्रिंबकजीची मागणी केली व तारण म्हणून सिंहगड, पुरंदर व आपल्या महाडाशेजारचा रायगड हे तीन किल्ले मागून घेतले. जून महिन्यात पुण्याचा तह झाला, आणि त्यात पेशव्यांना मुलूख द्यावा लागून मराठी सरदारांवरील आपले वडीलपणही सोडावे लागले. तरी आग विझली नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीस लढाई झाली. पुढल्या वर्षी १० मे रोजी तोफांच्या भडिमाराने रायगड पडला. पेशव्यांच्या पत्नी वाराणशीबाई त्या वेळी गडावर होत्या. जून १८१८ मध्ये बाजीराव शरण गेले व पेशवाई संपली. राज्ये एका कारणाने बुडत नाहीत, हे आम्ही जाणतो. तथापि ठाण्याच्या त्या भोकाने हा शेवट जवळ आणिला, असे म्हणण्यास हरकत नाही.

त्याच वर्षी नाशिकाकडे निफाडाजवळच्या अहिरगावी त्रिंबकजी पुन्हा पकडला गेला. या वेळी त्यास मराठी मुलखात ठेविले नाही. गंगेच्या काठी चुनारचा किल्ला आहे तेथे त्यास नेले. तेथील बंदोबस्त पाहिला म्हणजे ठाण्याचा धडा अधिकारी शिकले होते हे दिसते. पहाऱ्यास गोऱ्या शिपायांबरोबर देशी शिपाईही होते. बंदिवान क्षणभरही नजरेआड होऊ नये अशी योजना होती, आणि त्याच्या निजण्याच्या खोलीच्या जाळीच्या खिडक्या पहारेकऱ्यांच्या पडवीत उघडत. इतर बाबतीत त्यास छळ नव्हता.

सन १८२४ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर चुनार येथे आले असता त्यांनी त्रिंबकजीस पाहिले. ज्यांनी रचिलेली उपासनागीते आजही जगभर मंडळ्यांत गाइली जातात तेच हे हेबर. त्यांनी आपल्या प्रवासवृत्तांतात या बंदिवानाची हकीकत व मोतद्दाराच्या गाण्याची कथा लिहून ठेविली. पुढे दोनच वर्षांनी, १८२६ साली, बिशपसाहेब त्रिचनापल्लीस वारले. त्रिंबकजीने चुनारच्या भिंतीतच १८२९ साली देह ठेविला. महाडाहून घाट चढून एका दमात पुणे गाठणाऱ्या त्या जासुदाचे शेवटले चालणे चार भिंतींच्या आत झाले. त्याच्या अंतःकरणाचा न्याय देवाजवळ आहे.

बंदीखान्याची व्यवस्था पुढे कायद्याने बांधली गेली. सन १८९४ च्या कारागृह कायद्याने प्रत्येक तुरुंगावर अधीक्षक, वैद्यकीय अधिकारी व तुरुंगाधिकारी असावे असे ठरविले. बंदिवानांशी खरेदीविक्री करण्यास नोकरांस मनाई झाली. स्त्रियांस पुरुषांपासून, व ज्यांचा निकाल लागला नाही अशांस शिक्षा झालेल्यांपासून वेगळे ठेवण्याचा नियम झाला. हे सर्व योग्यच आहे. परंतु कायदा जागा निर्माण करितो. त्या जागेवरचे माणूस तो निर्माण करू शकत नाही. आमच्या मंडळ्यांतील कोणी तुरुंगात शिपाई असेल तर त्याने आपले काम हलके समजू नये. फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकाने पौल व सीला यांचे पाय खोड्यात अडकविले होते. त्याच रात्री त्याने त्यांच्या जखमा धुतल्या. दारे उघडली गेली तरी एकही बंदिवान गेला नाही. ठाण्यास दारे बंद होती तरी बंदिवान गेला. या दोन रात्रींचा वाचकांनी शेजारी शेजारी ठेवून विचार करावा.

आणि आमच्या उपदेशक बंधूंनो, एक शब्द तुमच्यासाठी. ठाण्याचे शिपाई मराठी गाणे न समजता ऐकत होते त्याच काळात, १८१३ साली मुंबईस आलेले गॉर्डन हॉल त्याच मुंबईच्या रस्त्यांत लोकांशी मराठीत बोलत होते. त्यांच्याजवळ बंदूक नव्हती. लोकांची भाषा मात्र त्यांनी कष्टाने शिकून घेतली होती. तुम्ही मराठीतच जन्मला आहा. तेव्हा आपणास ही उणीव नाही असे तुम्हांस वाटेल. परंतु वाडीवाडीची बोली वेगळी, आणि दुःखाची तर भाषाच निराळी असते. जी विधवा उपासनेस येऊन मागल्या बाजूस मुकाट्याने बसते, जो तरुण गुत्त्यावरून येताना मोठ्याने गातो, जे लेकरू शाळा सोडून मुंबईच्या वाटेकडे पाहते, ती सर्व आपल्या समोरून काहीतरी सांगत जात असतात. पटावर नाव आहे, रविवारी हजेरी आहे, एवढ्यावर समाधान मानणारा उपदेशक हा त्या ठाण्याच्या शिपायासारखा आहे. जागेवर उभा आहे खरा, पण त्याच्या कळपातील मेंढरू कोणत्या भोकातून गेले हे त्याला सकाळी कळते.

तसेच ज्यांच्यावर देखरेख करावयाची त्यांच्यावर अविश्वास धरून परक्यांचा पहारा बसवू नये. मंडळीतील वडील माणसांस, गरिबांतील गरिबासही, विश्वासात घ्यावे. जे कोणाच्या गणतीत नाहीत त्यांना प्रथम विचारावे. आणि आपणावरही कोणाची तरी नजर असावी यात कमीपणा मानू नये. जो पाळक आपला हिशेब दुसऱ्यास दाखवितो त्याची भिंत शाबूत राहते.

ज्यांचे आप्त आज तुरुंगात आहेत अशी कुटुंबे खेड्यापाड्यांत आहेत. त्यांच्या दारावरून मान फिरवून जाऊ नये. बंदिवानांची आठवण ठेवण्याची आज्ञा आम्हांस दिलेली आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय या आठवड्यात घरोघरी वाचावा, आणि बंदिवान व त्यांचे रक्षक या दोघांसाठीही प्रार्थना करावी, अशी आमची विनंती आहे.