औंधचा माळ आणि आजचा लघुउद्योजक

परभणी जिल्ह्यातील येलदरी येथे पूर्णा नदीवर धरण आहे आणि त्या धरणाच्या पाण्यावर वीजही निर्माण होते. पाणी आणि वीज ही उद्योगाची दोन मूलभूत साधने ज्या परिसराच्या दाराशी आहेत, तेथील तरुण मात्र कामाच्या शोधात पुण्याकडे आणि छत्रपती संभाजीनगरकडे जातात. शेतीच्या अवजारांचा छोटा कारखाना काढू इच्छिणारा येथील एक माजी विद्यार्थी मध्यंतरी आपला प्रकल्प अहवाल घेऊन माझ्याकडे आला होता. अहवाल नीटनेटका होता. पहिल्या वर्षाचा नफाही त्यात चोख मांडला होता. तो वाचताना लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. पहिल्याच वर्षी नफा दाखवण्याच्या या कसोटीला ते स्वतः उतरले नसते.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले; परंतु डोळ्यांना काही रंगांतील भेद कळत नाही असे आढळल्याने रंगांचा नाद सोडून ते यांत्रिक रेखांकनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत ते शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरीचा त्याग केला आणि बेळगावात बंधू रामूअण्णांबरोबर सायकलींच्या व्यवसायात लक्ष घातले. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आणि पुढे लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. त्यातच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. वयाच्या चाळिशीत या उद्योजकाजवळ कौशल्य होते, माल होता. पण पाय रोवण्यास भूमी नव्हती.

त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीला आले. कुंडल रोड या आडबाजूच्या रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर ओसाड जमीन आणि सतरा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज त्यांनी देऊ केले. 1910 मध्ये निवडुंगाने आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याबरोबर कामगारांची वस्ती उभी राहिली, नांगरामागून पंप आले आणि 1920 पासून तेथून मासिकही निघू लागले. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणराव निवर्तले, तेव्हा त्या माळावरून सुरू झालेला उद्योग पुण्या-बंगळुरूपर्यंत पसरला होता.

या साहाय्याचे स्वरूप अर्थशास्त्राच्या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. औंध हे काही धनाढ्य संस्थान नव्हते. त्याने दिलेली जमीन पडीक होती. परंतु ती रेल्वेच्या कडेला होती, म्हणजेच बाजाराशी जोडलेली होती. कर्ज बिनव्याजी होते, म्हणजेच नांगर विकला जाईपर्यंत थांबण्याची सवड त्यात होती. शिवाय ज्याचे काम प्रत्यक्ष पाहिले होते, अशा माणसाला ते दिले गेले. भूमी, भांडवल आणि अवधी या तीन गोष्टी एकाच वेळी मिळाल्या, हेच त्या यशाचे गमक होय.

राजाच्या मर्जीवर चालणारा कारभार आज आपल्याला नको आहे, हे खरेच. मर्जी एकावर बसते तेव्हा दहा जण उपेक्षित राहतात. म्हणूनच लोकशाही शासनाला नियम करावे लागतात. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आले, 1978 पासून जिल्हा उद्योग केंद्रे आली, 2019 मध्ये मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आला. लघुउद्योगांची देयके पंचेचाळीस दिवसांच्या आत चुकती करावीत, असा 2006 चा केंद्रीय कायदाही आहे. साधनांची उणीव आहे असे कोण म्हणेल? उणीव आहे ती सांधेजोडीची. जागा एका कार्यालयात, कर्ज दुसऱ्या ठिकाणी, अनुदान तिसऱ्या टेबलावर. आणि कर्जाचा हप्ता मात्र गिऱ्हाइकाची वाट पाहत थांबत नाही. नव्या मालावरील अविश्वास ओसरण्यास लागणारी दोन वर्षे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत.

शासनाने प्रत्येक अर्जदाराला सतरा हजारांच्या आजच्या मोलाइतके पैसे वाटावेत, असे येथे सुचवावयाचे नाही. ज्याने काही करून दाखवले आहे, त्याला तालुक्याच्या ठिकाणी गाळा, परतफेडीस पुरेशी सवलत आणि झालेल्या विक्रीचे पैसे मुदतीत मिळावेत. आणि या तिन्हींची जबाबदारी एकाच अधिकाऱ्यावर असावी, एवढे मागणे अवाजवी नाही. मराठवाड्यासारख्या भागात तर ते अधिकच निकडीचे आहे.

त्या विद्यार्थ्याला मी अहवालातील पहिल्या वर्षाचा नफा खोडून तेथे तोटा लिहावयास सांगितले. तोटा दाखवला तर कर्ज कोण देईल, असे त्याने विचारले. त्याचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर शिक्षकाने नव्हे, शासनाने द्यावयाचे आहे.