शेणखताच्या मातीतून आलेले इंजेक्शन

पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, तसाच वास चांगल्या मुरलेल्या शेणखतालाही येतो. तो वास ॲक्टिनोमायसिट्स नावाच्या जीवाणूंचा. बुरशीसारखे तंतू काढून वाढणारे हे जीवाणू पालापाचोळा कुजवतात आणि शेजारच्या जीवाणूंना रोखणारी रसायनेही सोडतात. त्यातूनच क्षयरोगावरचे पहिले प्रभावी प्रतिजैविक मिळाले. ज्यांच्या प्रयोगशाळेत ते सापडले, ते सेल्मन वॅक्समन डॉक्टर नव्हते, मातीचे अभ्यासक होते.

वॅक्समन यांचा जन्म २२ जुलै १८८८ रोजी आजच्या युक्रेनमधील एका खेड्यात ज्यू कुटुंबात झाला. लहानपणीच त्यांची धाकटी बहीण घटसर्पाने दगावली. रशियन साम्राज्यात ज्यू मुलांना विद्यापीठात प्रवेश मिळणे फार कठीण होते. १९१० मध्ये ते अमेरिकेत आले, न्यू जर्सीत नातेवाइकांच्या शेतावर राहिले आणि रटगर्स कॉलेजात शेतीशास्त्र शिकले. मातीच्या थराथरांतले सूक्ष्मजीव वेगळे करताना त्यांचे लक्ष ॲक्टिनोमायसिट्सवर खिळले, ते कायमचे.

पुढची वीस-पंचवीस वर्षे त्यांनी माती, ह्युमस आणि खत यांवर काम केले. घोड्यांच्या लिदीचे खत कुजताना आतून कसे तापते, त्या उष्णतेत कोणते जीवाणू टिकतात, हे त्यांनी तपासले. दरम्यान, १९३२ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय क्षयरोग संघटनेने त्यांच्याकडे एक प्रश्न सोपवला. रुग्णाच्या थुंकीतून क्षयाचे जंतू मातीत पडतात, मग तिथे त्यांचे काय होते? उत्तर मिळाले, की ते हळूहळू नाहीसे होतात. पण त्यांना मारते कोण, हा प्रश्न तेव्हा तसाच राहिला.

१९३९ मध्ये वॅक्समन यांचेच माजी विद्यार्थी रेने द्युबो यांनी मातीतल्या एका जीवाणूपासून जंतुनाशक द्रव्य वेगळे केले. मग वॅक्समन यांनी सारी प्रयोगशाळा याच कामाला लावली. १९४० मध्ये ॲक्टिनोमायसिन मिळाले, पण ते फारच विषारी निघाले. १९४२ मधले स्ट्रेप्टोथ्रिसिनही विषारीच ठरले. १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये अल्बर्ट शॅट्झ या २३ वर्षांच्या संशोधक विद्यार्थ्याला तळघरातल्या प्रयोगशाळेत हवे ते सापडले. भरपूर शेणखत घातलेल्या शेतातली माती आणि एका कोंबडीच्या घशातला नमुना, या दोन्हींत ‘स्ट्रेप्टोमायसेस ग्रिसियस’ हा जीवाणू होता. त्याच्यापासून मिळालेले स्ट्रेप्टोमायसिन क्षयाच्या जंतूंना रोखत होते.

ब्रिटनमधील चाचणीचे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले. फक्त विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४. मात्र पाच वर्षांनी हा फरक बराच पुसला गेला होता. एकट्या औषधाला जंतू सरावले होते. तेव्हापासून क्षयरोगावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत रुजली.

श्रेयाचा वादही झाला. स्वामित्वधनाचा वाटा वॅक्समन घेत असल्याचे कळल्यावर शॅट्झ यांनी १९५० मध्ये न्यायालयात दावा लावला. तडजोडीत त्यांना सहसंशोधक म्हणून मान्यता आणि ३ टक्के वाटा मिळाला. १९५२ चे नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळाले. आपल्या मिळकतीतला मोठा भाग त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्राच्या संशोधनाला दिला. १६ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी दाखवलेल्या वाटेने पुढे जगभर माती चाळली गेली. आपल्या पिंपरीतल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या संशोधकांनी तिथल्याच मातीतल्या जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळवले. त्या जीवाणूच्या नावातच पिंपरी आहे.

म्हणून जखमेवर माती किंवा शेण लावू नका. त्यात धनुर्वाताचे जंतूही असतात. खतातला जीवाणू आणि कुपीतले औषध यांत बरीच वर्षे, शुद्धीकरण आणि चाचण्या असतात.

आज क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारात स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन राहिलेले नाही. पण गोळ्यांमधले रिफॅम्पिसिन हेही मुळात मातीतल्या अशाच जीवाणूपासून आलेले आहे. आमच्या सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि अनेकजण गोळ्या सोडतात. उरलेले जंतू तेवढ्यात त्या औषधाला सरावतात आणि पुढचा उपचार लांबतो, अवघडही होतो. बरे वाटले तरी डॉक्टर सांगतील तोपर्यंत, साधारणपणे पूर्ण सहा महिने, गोळ्या घ्या. अशी औषधे मातीतून रोज नवी सापडत नाहीत.