पवनारचा रहाट

विनोबा भावे यांचे मूळ नाव विनायक. त्यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. घरी फणसाचे झाड होते. फणस पिकला की आई त्याचे गरे आधी शेजाऱ्यांकडे पाठवी, मग घरच्यांना देई. हे वाटप लहान विन्याच करी.

1916 साली ते गांधीजींच्या आश्रमात गेले व 1921 साली वर्ध्याला आले. दळण, सूतकताई, सफाई ही सर्व कामे ते करत. पण शरीर मुळातच नाजूक. 1938 साली त्यांचे वजन 88 पौंड, म्हणजे अवघे 40 किलो झाले. गांधीजींनी त्यांना हवापालट करण्यास सांगितले. विनोबा मात्र थंड हवेच्या ठिकाणी गेले नाहीत. ते वर्ध्याजवळच धाम नदीकाठी पवनारला राहायला गेले आणि रोज शेत खणू लागले! सुरुवातीला ते जेमतेम पाच मिनिटे खणत. हळूहळू वेळ वाढवला. काही महिन्यांत वजन वाढले, प्रकृतीही सुधारली.

अनेक भाषा जाणणारा, अरबी शिकून कुराणशरीफ मुळातून वाचणारा हा विद्वान रोज कुदळ घेऊन उन्हात उभा राही.

1950 साली त्यांनी पवनारला एक अवघड प्रयोग सुरू केला. त्याला त्यांनी कांचनमुक्ती असे नाव दिले. कांचन म्हणजे सोने, पैसा. आश्रमाने देणगीचा पैसा घ्यायचा नाही, लागेल ते स्वतः पिकवायचे, असे ठरले. शेरभर ज्वारीने काल जेवढी पोटे भरत होती तेवढीच आजही भरतात. रुपयाची किंमत मात्र रोज बदलते, असे त्यांचे म्हणणे होते. कोणाला मदत करायचीच असेल, तर त्याने येऊन श्रम करावे.

आता भाजीपाल्याला पाणी हवे. विहिरीवर रहाट होता. मुंबईच्या उत्तरेला वसईच्या वाड्यांत पूर्वी असा रहाट बैल ओढत. पवनारला बैलही नकोत असे ठरले होते. मग आश्रमातील माणसेच रहाट ढकलू लागली. गोल फिरताना ती गीतेचे श्लोक म्हणत. काम सोपे नव्हते. पाणी पुरेना, म्हणून दुसरी विहीर खणायला घेतली. विनोबांचे वय तेव्हा 54 होते. पोटाचे दुखणेही होतेच. तरी ते सर्वांबरोबर मातीत राबत.

हा प्रयोग चालू असतानाच 1951 च्या मार्चमध्ये ते हैदराबादजवळच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले. आगगाडीचे तिकीट कशाला? तेथून ते तेलंगणात फिरू लागले. 18 एप्रिलला पोचमपल्ली गावात दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे कसण्यासाठी 80 एकर जमीन मागितली. राबायला हात होते, पण पायाखाली स्वतःची जमीन नव्हती. विनोबांनी गावकऱ्यांना विचारले, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी 100 एकर जमीन देऊ केली. भूदानाची सुरुवात झाली ती अशी.

त्यानंतर सुमारे 13 वर्षे विनोबा भारतभर चालत राहिले. 1959 साली त्यांनी पवनारला स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केले. तेथील भगिनीही शेती, स्वयंपाक, सफाई स्वतःच करू लागल्या. अखेरची वर्षे विनोबा त्यांच्यातच राहिले. 15 नोव्हेंबर 1982 रोजी पवनारलाच त्यांचे निधन झाले.