चांदीच्या वाटेवरचा सरखेल

वीकेंडला मांडव्याची बोट पकडून अलिबाग गाठता, ओहोटीला चालत कुलाबा किल्ल्यात जाता, फोटो काढता, परत फिरता. पुढच्या वेळी तटावर जरा थांबा आणि समोरच्या पाण्याकडे पैशाचा हमरस्ता म्हणून बघा.

आपल्याकडे चांदीच्या खाणी जवळपास नव्हत्याच. गोऱ्या व्यापाऱ्यांना इथली मिरी आणि कापड हवं, पण त्यांचा माल इथं फारसा कुणाला नको. मग काय, मोजा रोख चांदी! मेक्सिको-पेरूची चांदी स्पॅनिश नाणी होऊन युरोपात जायची आणि तिथून जहाजातल्या पेट्यांतून इकडे. आठ रियालचं एक नाणं साधारण २७ ग्रॅमचं. ते टाकसाळीत वितळवलं की त्याचे दोनेक रुपये व्हायचे. तुमच्यापैकी कुणी अठराव्या शतकातली युरोपीय नाणी जमवत असेल, तर एवढी चांदी येऊन ती नाणी गेली कुठे, याचं बरंचसं उत्तर इथंच मिळेल.

या हमरस्त्यावर नाका बसवला कान्होजी आंग्र्यांनी. जहाज न्यायचंय? दस्तक घ्या, पैसे भरा. नाही भरले तर जहाज जप्त. १७१२ मध्ये तर मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची खासगी नौकाच त्यांच्या हाती लागली. त्यावरच्या इंग्रज बाईच्या सुटकेसाठी ३०,००० रुपये मोजावे लागले.

इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवलं. गंमत बघा, पोर्तुगीज याच समुद्रात आधीची दोनशे वर्षं ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीने विकत होते. तो म्हणे कायदा! कान्होजी तर छत्रपती शाहूंचे सरखेल. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज दोघं मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी किल्ला पडला नाही.

त्यांच्या नावाशी जोडलेला चांदीचा ‘अलिबागी रुपया’ मला या लढायांपेक्षा मोठा पुरावा वाटतो. लुटारू चांदी वाटून घेतो, टाकसाळ घालत बसत नाही. पलीकडे मुंबईत इंग्रजांना मुघली धर्तीचे रुपये पाडायला १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरची परवानगी लागली होती.

१७२९ मध्ये कान्होजी गेले. त्यांची समाधी अलिबाग गावातच आहे. किल्ल्यातून भरतीच्या आत निघालात, तर तीही बघून होईल.