फ्रेड हॉईल: अवकाशातल्या काजळीत जीव शोधणारा शास्त्रज्ञ

टीव्हीच्या रिमोटचं टोक फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा ठिपका बहुतेक फोनच्या स्क्रीनवर चमकतो. हा इन्फ्रारेड प्रकाश. याच प्रकाशातल्या एका खाचेवरून फ्रेड हॉईल यांनी अख्ख्या खगोलशास्त्राशी वाद घातला.

हॉईल १९१५ साली यॉर्कशरमध्ये जन्मले, केंब्रिजला प्राध्यापक झाले. आपले जयंत नारळीकर त्यांचेच विद्यार्थी. १९५३ मध्ये हॉईल यांनी सांगितलं की ताऱ्यांत कार्बन तयार व्हायचा तर त्याच्या अणुकेंद्रकात एक ठरावीक ऊर्जापातळी असलीच पाहिजे. अमेरिकेतल्या प्रयोगात ती सापडलीसुद्धा. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात भारी काम हेच.

मग हा कार्बन जातो कुठे? १९६२ मध्ये विद्यार्थी चंद्रा विक्रमसिंघे यांच्यासोबत त्यांनी मांडलं की ताऱ्यांमधल्या धुळीत ग्राफाइट आहे, म्हणजे पेन्सिलीच्या शिशातलाच पदार्थ. तोवर ती धूळ बर्फाची मानत. आमच्या आखाडा बाळापूरला उन्हाळ्यात पहाटे शेतात गेलं की आकाशगंगेत काळे पट्टे दिसतात, ती ही धूळ. कण इतके बारीक की साधा प्रकाश अडतो, पण लांब लहरींचा इन्फ्रारेड बराचसा पार होतो.

सगळा मात्र नाही. आकाशगंगेच्या केंद्राकडून येणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये ३.४ मायक्रॉनला खाच दिसते. (फोनचा सेन्सर साधारण १.१ मायक्रॉनच्या पुढे आंधळाच.) कार्बन-हायड्रोजनचा बंध तिथे प्रकाश शोषतो. १९८० च्या दशकात हॉईल आणि विक्रमसिंघे यांनी या खाचेशी वाळवलेल्या जिवाणूंचा आलेख जुळवला आणि म्हणाले, ही धूळ जिवाणूंचीच! पण तसा बंध मेणातही असतो. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट पास झाली, पण ती दुसराही कोड पास करतो. बहुतेक शास्त्रज्ञांनी दावा नाकारला. १९८३ मध्ये ताऱ्यांतल्या मूलद्रव्यांच्या कामासाठी त्यांचे सहकारी विल्यम फाउलर यांना नोबेल मिळालं, हॉईल यांना नाही. हे मला आजही खटकतं.

जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या इस्रोच्या बलूनमधून नारळीकरांच्या गटाने ४१ किलोमीटरपर्यंतची हवा गोळा केली. त्याच ऑगस्टमध्ये हॉईल गेले. २००५ च्या पुढच्या बलूनमध्ये तीन नवे जिवाणू मिळाले, तपासणी हैदराबाद आणि पुण्यात झाली. ते अवकाशातून आले हे सिद्ध झालेलं नाही. त्यातल्या एकाचं नाव मात्र जॅनिबॅक्टर हॉयलेई ठेवलंय.