संत जनाबाई कोण होत्या? गंगाखेडच्या मुलीचे नाव सातशे वर्षांनंतरही घराघरात का?

परभणी जिल्ह्यात आजी-पणजीच्या पिढीत जनाबाई नावाची एखादी तरी बाई ओळखीची असतेच. हे नाव ज्यांच्यामुळे रुजले, त्या संत जनाबाई याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या. त्यांचा प्रवास जाणून घेऊया.

गंगाखेड ते पंढरपूर

गोदाकाठच्या गंगाखेडमध्ये दमा आणि करुंड या विठ्ठलभक्त दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला, असे परंपरा सांगते. लहानपणीच त्यांना पंढरपूरला दामाशेटी शिंपी यांच्या घरी ठेवण्यात आले. दामाशेटी म्हणजे संत नामदेव (१२७०-१३५०) यांचे वडील. दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणे, गोवऱ्या थापणे ही कामे जनाबाईंच्या वाट्याला आली आणि सगळे आयुष्य त्याच घरात गेले.

दासी कवयित्री कशी झाली?

नामदेवांमुळे घरात अखंड हरिनाम होते, संतांचा सहवास होता. हातात जाते आणि कानावर कीर्तन, यातूनच त्यांची रचना घडली. त्यांच्या नावावर सुमारे ३५० अभंग असून ते नामदेव गाथेत आढळतात. त्यांत त्या स्वतःची ओळख नामदेवांची दासी अशीच करून देतात.

मात्र देवापुढे त्या दबून बोलत नाहीत. विठ्ठल कधी आई होतो, कधी सखा. त्याच्यावर त्या रुसतात, भांडतात, प्रसंगी शिव्याही देतात. ज्या काळात बाईने, त्यातही दासीने मोठ्याने बोलणे अवघड होते, तेव्हाचे हे धाडस आहे.

पदकाची आख्यायिका काय?

विठ्ठल जनाबाईंसोबत दळायला आला आणि गळ्यातले पदक तिथेच विसरला, अशी कथा आहे. चोरीचा आळ अर्थातच मोलकरणीवर आला. सुळावर देण्याची शिक्षा झाली. पण सुळाचेच पाणी झाले. ही आख्यायिका असली, तरी घरात वस्तू हरवली की संशय आधी कोणावर जातो, हे ती नेमके सांगते.

आज काय पाहता येते?

पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचे म्हणून जाते दाखवले जाते. गंगाखेडमध्ये त्यांचे मंदिर आहे, तिथल्या महाविद्यालयालाही त्यांचेच नाव आहे. ज्यांचे आयुष्य दुसऱ्याच्या घरी राबण्यात गेले, त्यांच्या नावाच्या महाविद्यालयात आज गावोगावच्या मुली शिकतात.